कायद्याचा सातबारा कुठे मिळेल?

जमिनीचा सातबारा आता मोबाइलवर मिळतो. पण ती जमीन ज्या कायद्याखाली येते, तो कायदा आज नेमका काय म्हणतो हे शोधायला निघालात तर? औशापासून लंडनपर्यंतची एक फेरी...

खरं सांगा, आयुष्यात एखादा कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचलाय तुम्ही? नाही ना? लाजू नका, बहुतेकांचं उत्तर हेच असतं. नवा फोन घेतला की अटी-शर्ती न वाचता खाली ‘आय अ‍ॅग्री’ दाबणारी आपली पिढी. कायदा म्हणजे काळा कोट, पिवळे कागद आणि वडिलांचं टेन्शन! पण फ्लॅट घेताना, भाडेकरार करताना, नोकरी सोडताना, गावाकडच्या जमिनीची वाटणी करताना हाच कायदा दारात येऊन उभा राहतो. आणि तेव्हा कळतं, की वाचायची इच्छा असली तरी वाचायचं नेमकं काय, हेच कुणी धड सांगत नाही.

मला हे कळलं ते एका मित्रामुळे. मूळचा औशाचा, आता हिंजवडीत आयटीत. वीकेंडला गावी जाऊन आला आणि एकदम एक्साइट होऊन फोन. तुळजापूरहून औसा, लातूर करत नांदेडकडे जाणारा हायवे मोठा झाल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आलाय. त्याला कुणीतरी ऑफर दिलेली. वीस गुंठे जिरायत, पाच जणांत मिळून घ्यायची. सातबाऱ्यावर पाच नावं सामाईक आणि जागेवर मात्र दोरी टाकून प्रत्येकाला चार-चार गुंठे. ‘आता तुकडेबंदी उठलीय, पुढं-मागं स्वतंत्र नावावर पण होईल,’ असं एजंटनं छातीठोक सांगितलेलं. इसार आठवड्याभरात द्यायचा होता.

‘तू पत्रकार आहेस ना? जरा बघून सांग, खरंच उठलीय का?’

मी म्हटलं, दोन तास दे. लागले दोन आठवडे!

एक कायदा आणि त्याचे अंगरखे

तुकडेबंदी हे बोलीतलं नाव. कागदावरचं नाव वाचताना दम लागतो: महाराष्ट्र धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम. साल १९४७, क्रमांक ६२. हेतू साधा होता. वाटण्या होता होता शेत इतकं लहान होऊ नये की त्यात नांगरही वळणार नाही.

आता या एका कायद्यावर काय काय चढत गेलं ते बघा. जन्मतः त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, नंतर त्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं. म्हणजे जुन्या नावानं शोधलं तर एक गोष्ट सापडते, नव्या नावानं दुसरी. २०१७ मध्ये सुधारणा झाली, की आधी होऊन गेलेले बेकायदा तुकड्यांचे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करता येतील. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं आणि छोट्या तुकड्यांची खरेदीखतं अडली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र ठरलं जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले, विहीर, शेतरस्ता, घरकुल अशा कारणांसाठी थोडी मोकळीक मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेश आला आणि २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना दिलासा देण्याची घोषणा केली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या अध्यादेशानं निवासी, व्यावसायिक वगैरे बिगरशेती वापरासाठी नेमलेल्या भागांतले जुने व्यवहार पैसे न भरता नियमित करण्याची वाट उघडली. जुने म्हणजे १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले.

हुश्श! मोजलंत? सुधारणा, परिपत्रक, निकाल, अधिसूचना, नियम, अध्यादेश, घोषणा, पुन्हा अध्यादेश. प्रत्येक कागद वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तारखेचा, वेगळ्या खात्याचा. सगळे एकत्र ठेवून ‘आज हा कायदा असा आहे’ असं सांगणारं एक पान मला काही सापडलं नाही. जे सापडलं ते तुकड्या-तुकड्यानं. तुकडेबंदीचा कायदाच तुकड्यात, आहे की नाही गंमत?

मित्राचं उत्तर मात्र शेवटी साधं निघालं. त्याची जमीन शेतीची, नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची आणि व्यवहार कोरा नवा. सवलत होती ती होऊन गेलेल्या व्यवहारांना. म्हणजे सगळीकडे ‘उठली, उठली’ म्हणून गाजलेली तुकडेबंदी त्याच्या वीस गुंठ्यांवरून उठलेली नव्हती. पाच नावं सामाईक लागली असती, पण चार-चार गुंठ्यांची वाटणी कागदावर अडली असती. त्यानं इसार दिला नाही. पैसे वाचले.

पण ज्यांना फोन करायला पत्रकार मैत्रीण नाही, त्यांचं काय?

औशात ‘कायदा’ कुठे मिळतो?

हा प्रश्न घेऊन मी औशाला गेले. लातूरपासून वीसेक किलोमीटर. खंदकाचा जुना किल्ला आणि आता चौपदरी हायवे. तहसीलच्या आसपास नेहमीचं चित्र. मुद्रांक विक्रेते, दस्तलेखक, झेरॉक्सची दुकानं, चहा, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेतलेली माणसं.

एका दस्तलेखकाकाकांना विचारलं, ‘काका, तुकडेबंदीचा आजचा कायदा वाचायचा असेल तर कुठे मिळेल?’

काका हसले. ‘ताई, कायदा बदललाय म्हणतेत सगळे. पण कोणता बदल, कवा झाला, कुणाला लागू हाय, ते इथं कुणाला धड ठाव नाही बघा. साहेब जे म्हणतेत तोच कायदा.’

शेजारच्या टपरीवरच्या पोरानं मोबाइल पुढं केला. त्यात यूट्यूबचा व्हिडिओ होता. पुण्याकडच्या कुणीतरी कुळकायदा समजावून सांगितलेला. पोरगा खुश. पण गंमत अशी, की आपल्या राज्यात कुळकायदे एक नाही, तीन आहेत! पश्चिम महाराष्ट्राचा १९४८चा, विदर्भाचा १९५८चा आणि मराठवाड्याचा १९५०चा, ज्याच्या नावात आजही ‘हैदराबाद’ आहे. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं, पण औशाच्या जमिनीचा एक पाय अजून हैदराबादच्या नावाच्या कायद्यांत आहे. इनाम जमिनींचं तेच, तो कायदा १९५४चा. पुण्याचा व्हिडिओ औशात लागू करायला गेलं तर गल्ली चुकते.

आणि इथल्या लोकांना जुन्या कागदाचं महत्त्व सांगावं लागत नाही हं! २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द चहाच्या टपऱ्यांवर पोचला. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीवर आजच्या दाखल्याचं भवितव्य ठरतं, हे मराठवाड्यातल्या घराघरानं बघितलं. फक्त एक लक्षात ठेवा. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ. कायदा छापून येतो तो गॅझेटमध्ये, म्हणजे राजपत्रात. शब्द सख्ख्या भावांसारखे, काम वेगळं.

‘मला माहीतच नव्हतं’

कोर्टात ‘मला कायदा माहीत नव्हता’ ही सबब चालत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण मग कायदा लोकांपर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाची? याची एक भन्नाट केस आहे. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये मंत्रिमंडळानं अफूचा कायदा केला, तो कुठे छापलाच नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे आपल्याच बाजूचे. निकालाचा मथितार्थ असा, की ज्या कायद्याबद्दल लोकांना कळायची काही सोयच नव्हती, त्याखाली शिक्षा करणं न्यायाला धरून नाही. कायदा आधी प्रसिद्ध करा, मग लागू करा.

१९५१ मध्ये ‘प्रसिद्ध’ म्हणजे राजपत्रात छापणं. ठीक. पण आज? दहा कागदांत विखुरलेला कायदा ‘प्रसिद्ध’ आहे असं म्हणायचं का? छापलाय खरा, पण सापडत नाही. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

पीडीएफ म्हणजे नुसता फोटो!

‘अहो, सगळं वेबसाइटवर टाकलेलं असतं की!’ असं कुणी म्हणेल. म्हणणं अर्धं बरोबर आहे. विधि व न्याय विभाग कायदे ऑनलाइन टाकतो. केंद्राचं इंडिया कोड आहे. शासन निर्णय तर वर्षानुवर्षं संकेतस्थळावर येतायत आणि प्रत्येकावर स्वतःचा संकेतांक असतो, हे खरंच कौतुकाचं. पण बहुतेक सगळं येतं ते पीडीएफमध्ये.

पीडीएफचा प्रॉब्लेम काय? माणसाला दिसायला ती झकास. कॉम्प्युटरला मात्र बरेचदा त्यातलं काहीच कळत नाही. स्कॅन केलेली असेल तर तो नुसता फोटो. टाइप केलेली असली तरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल, तर कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर ‘जमीन’च्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतात. मग ‘तुकडा’ हा शब्द शोधायचा तरी कसा? मुखपृष्ठावर लिहिलेलं असतं, ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’. त्या तारखेनंतर काय झालं ते तुम्ही शोधा.

त्यात सुधारणा कायद्याची भाषा! साधारण अशी असते: मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील तमुक पोट-कलमात, ‘पंचवीस टक्के’ या मजकुराऐवजी ‘पाच टक्के’ हा मजकूर दाखल करण्यात येईल. बस्स. मूळ कलम काय होतं आणि बदलल्यावर ते वाक्य कसं दिसतं, ते नाही. एका हातात जुनी पीडीएफ, दुसऱ्या हातात नवी आणि मध्ये पेन्सिल. आयटीवाल्यांनो, तुम्हाला कुणी नुसता पॅच दिला आणि मूळ कोड दिलाच नाही तर? तसंच हे.

हे फक्त गुंठ्यांपुरतं नाही बरं का. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आठवतंय? २०२४ मध्ये मांडलं गेलं, मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून सूचना मागवल्या, तर बारा हजारांहून जास्त आल्या. समितीनं काही बदल केले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. तुम्ही त्याच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, मूळ मसुद्यात नेमका कुठला शब्द गेला आणि कुठला आला, हे बघायला पुन्हा तेच. दोन कागद शेजारी ठेवा आणि ओळीओळीनं जुळवा. बारा हजार लोकांना बोलावंसं वाटलं, म्हणजे लोकांना रस नाही हे तर खोटंच!

आता फंडा समजून घ्या

उत्तर कुठे आहे? गंमत म्हणजे ते औशाच्या तलाठी कार्यालयातच आहे!

सातबारा घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. तो औशात काढा, अलिबागला काढा, रकाने तेच. भूधारकाचं नाव कुठे, क्षेत्र कुठे, बोजा कुठे, इतर हक्क कुठे, सगळं ठरलेलं. तलाठी बदलला तरी नमुना बदलत नाही. यालाच म्हणतात स्टँडर्ड, म्हणजे मानक.

आणि बदल कसा होतो? जमीन विकली, वारस लागला, बँकेचा बोजा चढला की फेरफार पडतो. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असतं. जुनी नोंद खोडून गायब होत नाही. फेरफारांची साखळी धरून मागे मागे गेलं की आजोबांच्या नावापर्यंत पोचता येतं. अमुक साली ही जमीन कुणाची होती? उत्तर मिळतं. इतकं, की १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला.

आता कल्पना करा, कायद्याचाही असा सातबारा आहे. प्रत्येक कलम हा स्वतंत्र रकाना. प्रत्येक कलमाला स्वतःचा कायमचा पत्ता. प्रत्येक सुधारणेचा फेरफार, त्याची तारीख आणि तो कुठल्या विधेयकानं पडला ते. मग विचारायचं, ‘कलम ९, १ जानेवारी २०२० रोजी काय होतं?’ पान समोर. ‘आज काय आहे?’ पान समोर. ‘मधे कुणी बदललं?’ तेही समोर. हीच आहे कायद्यांसाठीच्या खुल्या डेटा मानकाची आयडिया. बाकी सगळी टेक्निकल सजावट.

‘खुलं’ म्हणजे काय, तर ते मानक कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. आज एक सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून कायदे अडकून बसत नाहीत. कॉलेजच्या पोरांनी अ‍ॅप बनवावं, वकिलानं स्वतःची यादी करावी, वर्तमानपत्रानं बातमी शोधावी, एखाद्या संस्थेनं अंध वाचकांसाठी ते बोलकं करावं. सगळ्यांना तोच कच्चा माल, परवानगी न मागता.

आफ्रिकेतून आलेलं नाव

जगात हे कुणी केलंय का? केलंय ना! आणि सुरुवात सिलिकॉन व्हॅलीत नाही, आफ्रिकेत झाली. २००४-०५ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पात आफ्रिकी संसदांसाठी एक मानक तयार झालं. नाव ‘अकोमा न्टोसो’. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान भाषेत याचा अर्थ जोडलेली हृदयं. किती गोड ना, कायद्याच्या फाइलला असं नाव! इटलीच्या बोलोन्या विद्यापीठातल्या मोनिका पाल्मिरानी आणि फाबिओ विताली यांनी ते घडवलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ओएसिस या संस्थेनं त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. एक्सएमएलमध्ये कलम, पोट-कलम, व्याख्या, परंतुक, प्रत्येकाला ओळखीची खूण लावायची, इतकंच. परंतुक ही काय फक्त इंग्रजीची मिरास आहे? मराठीतही ते सहज बसतं.

ब्रिटननं २०१० मध्ये कायद्यांचं नवं सरकारी संकेतस्थळ सुरू केलं. तिथे बऱ्याच कायद्यांच्या डोक्यावर काळाची पट्टी दिसते. तारीख निवडा, त्या दिवशीचा कायदा हजर. ज्यांच्याकडून आपण राजपत्र नावाची चीज घेतली, ते केव्हाच पुढे निघून गेले.

अमेरिकेत तर काम आधी नागरिकांनी केलं. तिथल्या संसदेची माहिती जानेवारी १९९५ पासून ऑनलाइन होती, पण वाचण्यापुरती. २००४ मध्ये जोशुआ टॉबरर नावाच्या तरुणानं ती पानं कॉम्प्युटरकडून वाचून घेतली, नीट रकान्यांत लावली आणि गव्हट्रॅक नावाची साइट काढली. कुठलं विधेयक कुठे अडलंय, कुणी कुठे मत दिलं, सगळं एका जागी. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल गावी तीसेक मंडळी जमली, त्यात तरुण अ‍ॅरन स्वार्ट्झही होता. त्यांनी सरकारी माहिती खुली कशाला म्हणायची याची आठ तत्त्वं लिहिली. पूर्ण हवी, वेळेवर हवी, यंत्राला वाचता यावी, वगैरे. पुढे सरकारी विधेयकंही थेट एक्सएमएलमध्ये मिळू लागली. आधी लोकांनी करून दाखवलं, मग सरकार आलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा.

आणि आपण?

आपण अगदीच मागे आहोत असं नाही. उलट लातूर जिल्ह्यानं संसद लोकांना दाखवण्यात मोठा वाटा उचललाय. शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, डिसेंबर १९९४ मध्ये, प्रश्नोत्तराच्या तासाचं थेट प्रक्षेपण टीव्हीवर सुरू झालं. औशापासून तासाभराच्या अंतरावरच्या चाकूरच्या माणसानं! त्या काळात खुलेपणा म्हणजे कॅमेरा. आजच्या काळात खुलेपणा म्हणजे डेटा. जिल्ह्यानं पहिलं पाऊल टाकलंच होतं, आता दुसरं बाकी आहे.

माहितीच्या अधिकारातही महाराष्ट्र पुढे होता. राज्याचा कायदा २००२चा. केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. त्यातलं कलम ४ सांगतं, की सरकारनं माहिती मागायची वाट न बघता स्वतःहून द्यावी, नोंदींची सूची करावी, त्या कॉम्प्युटरवर आणाव्यात. हाच कायदा माहिती फ्लॉपीवरही मागायचा हक्क देतो! फ्लॉपी आठवते का कुणाला? त्यापुढची पायरी म्हणून केंद्रानं २०१२ मध्ये डेटा खुला करण्याचं धोरण आणलं. २०१४ मध्ये ठरलं, की केंद्राच्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा.

संस्थाही आहेत. दिल्लीची पीआरएस २००५ पासून विधेयकं आणि खासदारांच्या कामाचा हिशेब ठेवते. मुंबईत प्रजा फाउंडेशन २०११ पासून आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं. पण ते मुंबईच्या आमदारांचं. विधानसभेत आमदार २८८. औशाच्या आमदारांनी काय विचारलं, कुठल्या विधेयकावर काय सुचवलं, हे औशाच्या मतदाराला एका क्लिकवर मिळायला नको? माहिती रकान्यांत असती, तर दयानंद कॉलेजच्या एखाद्या पोरानंही सुट्टीत असं प्रगतिपुस्तक बनवलं असतं. लातूर पॅटर्नवाल्यांना मार्क लावायची सवय आहेच!

‘पण मॅडम...’

हे सगळं सांगितल्यावर एका ज्येष्ठ वकिलांनी मला छान झापलं. म्हणाले, ‘मॅडम, मराठी कायदा वाचून लोक हुशार होतील, पण कोर्टात अडचण आली तर राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठ अधिकृत. दोन्ही जुळले नाहीत तर?’

मुद्दा बरोबर आहे. म्हणून तर मानक हवं! प्रत्येक कलमाचा मराठी आणि इंग्रजी पाठ एकाच पत्त्यावर शेजारी-शेजारी असला, तर कुठे जुळत नाही ते लगेच दिसेल. आज ते दोन वेगळ्या पीडीएफमध्ये दडून बसतं.

दुसरी शंका, लोक अर्धवट वाचून चुकीचा अर्थ काढतील. काढतीलच. पण आत्ता काय वेगळं होतंय? फरक इतकाच, की आत्ता अर्थ एजंट काढतो. कायदा समोर असला म्हणून वकिलाची गरज संपत नाही, जशी सातबारा ऑनलाइन आला म्हणून तलाठ्याची संपली नाही. फक्त वकिलाकडे जाताना तुमच्या हातात योग्य प्रश्न असतो.

एक कोडं तर मलाच पडलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे राजपत्रातला बाकी मजकूर कुणीही पुन्हा छापू शकतो, पण कायदा छापायचा तर सोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर हवा! लोकांचाच कायदा, लोकांच्याच प्रतिनिधींनी केलेला, आणि जसाच्या तसा वाटायला अट. हीही गाठ कधीतरी सोडवायला हवी.

आणि खर्च? प्रत्येक गावाचे सातबारे कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या राज्याला त्यापेक्षा कितीतरी कमी कायदे रकान्यांत लावणं परवडणार नाही, हे मला पटत नाही. आधी दहाच कायदे घ्या. जमीन महसूल, तुकडेबंदी, तिन्ही कुळकायदे, सहकारी संस्था, भाडे नियंत्रण... ज्यांच्यापायी लोक रोज तहसीलच्या दारात उभे असतात ते.

चौकट: तोवर तुम्ही काय कराल?

* ‘कायदा बदलला’ असं कुणी म्हणालं की तीन प्रश्न विचारा. घोषणा, अध्यादेश, अधिनियम की परिपत्रक? तारीख काय? जुन्या व्यवहाराला की नव्या?
* कायद्याची पीडीएफ उघडली की आधी मुखपृष्ठावरची ‘सुधारित’ तारीख बघा. त्यानंतरचे बदल वेगळे शोधायचे आहेत असं समजा.
* शासन निर्णयाचा फॉरवर्ड आला तर संकेतांक बघा. नसेल तर विश्वास नको.
* मराठवाड्यात जमीन घेताय? पुण्या-मुंबईच्या मित्राचा सल्ला घ्या, पण आपल्याकडे कुठला कायदा लागू आहे ते आधी विचारा.
* इसार देण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे ‘तुकडा’ असा शेरा असेल तर थांबा आणि वकिलाला गाठा.

एक मागणी, साधीच

आपण ट्रेन कुठे आहे ते बघतो, पिझ्झा कुठल्या चौकात पोचला ते बघतो, पार्सल कुठल्या गोदामात पडलंय ते बघतो. पण आपल्यावर लागू होणारं विधेयक कुठल्या टप्प्यावर आहे, त्यातला कुठला शब्द काल बदलला, हे बघायला आपल्याकडे सोय नाही. पार्सल उशिरा आलं तर राग येतो, कायदा न सांगता बदलला तर मात्र आपण खांदे उडवतो. हे थोडं उलटंच झालंय, नाही का?

मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरतं. पुढच्या वेळी तुमचे आमदार गावात आले, की रस्ता, पाणी, वीज यांच्या यादीत ही एक ओळ वाढवा: साहेब, आम्हाला कायद्याचा सातबारा पाहिजे. फेरफारासकट, मराठीत, मोबाइलवर चालणारा आणि कुणालाही वापरता येईल असा. फार मोठं मागणं नाही हे. जो कायदा आम्ही पाळायचाय, तो आज काय आहे तेवढं कळलं पाहिजे, इतकंच!